परवलीचा शब्द बरोबर, तरी दार बंद

१ एप्रिल हा दिवस व्यापारी पेढीत नेहमीच काहीसा अवघडलेला असतो. आदल्या रात्री उशिरापर्यंत वर्षअखेरीच्या नोंदी चाललेल्या असतात, वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद असतात आणि नव्या वर्षाच्या वह्या अजून कोऱ्या असतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारी एक पेढी उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावी. अशाच एका १ एप्रिलला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, तेथील दिवाणजींच्या संगणकावर एक लहानशी चौकट उमटली. पासवर्ड जुळत नाही, पुन्हा भरावा, असे ती सांगत होती.

दिवाणजींनी तो पुन्हा भरला. चष्मा पुसून, एकेक अक्षर पाहत तिसऱ्यांदा भरला. मग तोच प्रयत्न मोबाईलवर केला. अकरा वाजण्याच्या आत मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या, संगणकावरूनही मेल जाईना. पाठोपाठ गोदामातला मुलगा तीच तक्रार घेऊन आला. मधूनच अण्णांचा एखादा मेल निघून जाई आणि लगेच सर्व ठप्प होई. न्हावा शेवा बंदरातून आखातात जाणाऱ्या एका कंटेनरच्या कागदपत्रांतील दुरुस्ती दुपारी दोनच्या आत जहाज कंपनीला पोहोचणे आवश्यक होते. ती वेळ टळली तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जाणार आणि बंदरातील मुक्कामाचे भाडे पेढीच्या माथी बसणार, हे उघड होते.

दिवाणजींच्या मनात मात्र वेगळीच शंका घर करून बसली. तीस वर्षे याच गादीवर काढलेला हा माणूस. वर्ष कालच संपलेले, आणि आज नेमका त्यांनाच प्रथम नकार मिळालेला. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "अण्णा, नव्या वर्षापासून माझं नाव काढलंय का?" अण्णांना क्षणभर प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ते चिडले. दिवाणजींवर त्यांचा राग नव्हता. यंत्राने आपल्या वतीने असे काही बोलावे, याची त्यांना चीड आली.

अशा प्रसंगी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या गाळ्यातील एक तरुण म्हणाला, सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन टाका, कटकट मिटेल. संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दूरध्वनीवरून सांगितले की, सर्व्हरला सांगून ठेवा, कोणालाही न विचारता मेल पुढे पाठवत जा. तिसरा उपाय घरातूनच आला. मुलाच्या खासगी मेलवरून जहाज कंपनीला आणि परदेशी गिऱ्हाइकाला कळवून टाकावे. तिन्ही उपायांनी मेल गेला असता, यात शंका नाही.

पेढीचा मेल सर्व्हर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतो आणि मुंबईतील भाड्याच्या यंत्रावर असतो. दोन वर्षांपूर्वी तो अण्णांच्या पुतण्याने उभा केला. हा पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास असतो. अण्णांनी त्याला दूरध्वनी केला तेव्हा त्याने तिन्ही उपाय ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "अण्णा, यातलं काही करू नका. मला अर्धा तास द्या."

त्याच्या या नकारामागचे कारण जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एका संगणकाने दुसऱ्याकडे मेल कसा सोपवावा, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. एसएमटीपी या नावाने ते आजही चालतात. त्या मूळ नियमांत पाठविणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची सोयच नव्हती. जाळ्यावर तेव्हा विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. माणसे एकमेकांच्या परिचयाची होती आणि कोणाचेही पत्र कोणीही पुढे पोहोचवून द्यावे, हा शेजारधर्म मानला जात असे. १९९० च्या दशकात जाहिरातबाजांनी या शेजारधर्माचा इतका फायदा घेतला की, असे मोकळे सर्व्हर इतरांनी बहिष्कृत करण्यास आरंभ केला. डिसेंबर १९९८ मध्ये आपल्याच माणसांचे मेल स्वीकारण्यासाठी ५८७ क्रमांकाचे स्वतंत्र दार ठरले आणि मार्च १९९९ मध्ये त्या दारावर ओळख विचारण्याची रीत नियमबद्ध झाली. कारागिराचा सल्ला मानणे म्हणजे १९८२ च्या जगात परत जाणे. असा मोकळा सर्व्हर जाळ्यावर सतत शोध घेणाऱ्या यंत्रांना फार काळ लपून राहत नाही. मग पेढीच्या दारातून परक्यांचे हजारो मेल बाहेर पडतात, पेढीचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि खऱ्या गिऱ्हाइकाला लिहिलेले पत्रही परत येऊ लागते. त्या यादीतून नाव काढून घेण्यास किती खेटे घालावे लागतात, हे ज्याने घातले त्यालाच ठाऊक.

सर्वांना एकच पासवर्ड देण्याविषयी व्यापाऱ्यांना अधिक सांगण्याची गरज नसावी. तिजोरीची एकच किल्ली दहा जणांकडे असली म्हणजे पैसे कमी भरले तेव्हा कोणाला विचारावे, हा प्रश्नच उरत नाही.

खासगी पत्त्यावरून मेल धाडण्याचा तिसरा उपाय सर्वांत निरुपद्रवी दिसतो, आणि म्हणूनच त्याचा धोका लक्षात येत नाही. परदेशी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे पेढीच्या नावाच्या पत्त्यावरूनच बीजक आणि बँक खात्याचा तपशील घेत आलेले असते. एखाद्या दिवशी अनोळखी पत्त्यावरून पेढीच्या नावाने निरोप जातो, "आमचा सर्व्हर बिघडला आहे, तूर्त या पत्त्यावर व्यवहार करावा." गिऱ्हाईक तो मान्य करते. पुढे केव्हातरी भामटा नेमके हेच वाक्य लिहितो आणि खाली स्वतःचा खातेक्रमांक देतो. मेलमध्ये खातेक्रमांक बदलून रकमा पळविण्याचे गुन्हे याच मार्गाने होतात, आणि गिऱ्हाइकाला ती सवय पेढीनेच लावलेली असते. असे घडल्याचे ध्यानी येताच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि स्वतःच्या बँकेस त्याच तासात कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडविता आली तरच हाती लागते.

आता पुतण्याने त्या अर्ध्या तासात काय केले, ते पाहू जाता आधी यंत्राची रचना ध्यानात घ्यावी लागेल. अशा सर्व्हरवर बहुधा दोन कारभारी असतात. मेल स्वीकारून पुढे धाडणारा तो पोस्टफिक्स. वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत तो लिहिला आणि १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आलेले मेल पेटीत जपून मालकाला वाचावयास देणारा तो डोव्हकॉट. फिनलंडचे टिमो सिराइनेन यांनी तो २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, पोस्टफिक्स पासवर्ड स्वतः तपासतच नाही. तो डोव्हकॉटला विचारतो. आणि पेढीतील माणसांची खाती लिनक्सच्याच यादीत असतील, तर डोव्हकॉट तिसऱ्याला विचारतो. त्या तिसऱ्याचे नाव पॅम. कोणत्याही कार्यक्रमाने ओळख स्वतः न तपासता एका सामाईक खात्याकडे सोपवावी, ही कल्पना सन कंपनीच्या अभियंत्यांनी १९९५ मध्ये मांडली आणि लिनक्सने ती लवकरच उचलली.

जुन्या सावकारी व्यवहारातील शाहजोग हुंडी ज्यांनी घरच्या दप्तरात पाहिली असेल, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. अशा हुंडीची रक्कम ती हाती घेऊन आलेल्या कोणाही इसमाला देत नसत. बाजारात पत असलेल्या शहामार्फत ती यावी लागे. पैसे देणारा इसमाला ओळखत नसे, शहाला ओळखत असे. पोस्टफिक्स तसाच डोव्हकॉटच्या शब्दावर चालतो.

बँकेतील पूर्वीची पद्धतही आठवावी. चेक दिला की हाती पितळी टोकन येई. एका टेबलावर खतावणीत खाते आणि शिल्लक पाहिली जाई, दुसऱ्या टेबलावर अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पाही, आणि मग रोखपाल टोकन पाहून पैसे मोजी. रोखपालाने नकार दिला म्हणजे सही चुकली असेच नव्हे. सही जुळूनही खाते गोठलेले असू शकते, खाते चालू असूनही शिल्लक नसू शकते, आणि कधी तर सर्व बरोबर असून आतला कागद बाहेरच्या टेबलापर्यंत पोहोचलेलाच नसतो. ग्राहकाला खिडकीवर मात्र एकच वाक्य ऐकू येते. मेलच्या चौकटीतील "पासवर्ड जुळत नाही" हे वाक्य त्याच जातीचे आहे. दिवाणजींनी ते शब्दशः खरे मानले, येथे सारा घोळ सुरू झाला.

पुतण्याने प्रथम अण्णांना एक साधी गोष्ट करावयास सांगितली. मोबाईलचे वायफाय बंद करावे आणि मोबाईल कंपनीच्या इंटरनेटवरून मेल पाठवून पाहावा. अण्णांचा मेल क्षणात गेला. गोदामातल्या मुलाचाही गेला. दिवाणजींचा गेला नाही. म्हणजे बिघाड दोन होते. एक सर्व पेढीचा, तोही केवळ पेढीतील वायफायपुरता. दुसरा फक्त दिवाणजींचा, कोठूनही. ज्यांना संगणकातले ओ की ठो कळत नाही, त्यांनाही करता येण्याजोगी ही चाचणी आहे आणि निम्मे निदान ती करून देते.

यानंतर त्याने दिवाणजींना चौकटीतील आकडा वाचून दाखविण्यास सांगितले. सुशिक्षित माणसेही या आकड्याकडे पाहत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. सर्व्हरचा नकार नेहमी तीन अंकांनी सुरू होतो आणि त्यातील पहिला अंक सर्वाधिक बोलका असतो. ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर नकार पक्का. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. ५३० म्हणजे आधी ओळख द्यावी, तुमच्या ॲपने ती दिलेलीच नाही. ओळख न देता परक्या पत्त्यावर मेल धाडू गेल्यास ५५४ येऊ शकतो, आणि त्यासोबत हा मेल पुढे नेण्यास तुम्हास परवानगी नाही असा मजकूर असतो. ४५४ हा क्रमांक तात्पुरत्या बिघाडाचा. तो ओळख विचारतानाच आला, तर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट यांचे आपसातील बोलणे तुटले आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. अशा वेळी वापरकर्त्याने शंभरदा पासवर्ड भरला तरी व्यर्थ.

हे बोलणे तुटण्याचे प्रकारही ठरलेले आहेत. दोघे कारभारी एका विशिष्ट जागी ठेवलेल्या छोट्या खिडकीतून बोलतात. सुरक्षिततेसाठी पोस्टफिक्स अनेकदा स्वतःच्या एका बंदिस्त खोलीत काम करतो आणि त्या खोलीबाहेरचे त्याला दिसत नाही. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या वाणांत तशी प्रथाच आहे. खिडकी खोलीबाहेर उघडली, किंवा तिच्यावर पोस्टफिक्सला हात लावण्याची मुभा नसली, तर डोव्हकॉट आत बसून सर्वांना ओळखत असतो आणि बाहेर पोस्टफिक्स सर्वांना परत पाठवीत असतो. नवी आवृत्ती बसविल्यानंतर किंवा यंत्र बदलल्यानंतर सर्वांचाच मेल एकाएकी बंद झाला, तर प्रथम येथे पाहावे.

दिवाणजींचा आकडा ५३५ होता. हा नकार पक्का होता आणि त्यांच्यापुरताच होता. त्यांनी लगेच आपला पासवर्ड सांगावयास सुरुवात केली, तेव्हा पुतण्याने त्यांना मध्येच थांबविले. "दिवाणजी काका, तो मलाही सांगायचा नाही." पासवर्ड न विचारता दुरुस्ती होऊ शकते, आणि जो दुरुस्त करणारा तो मागतो त्याच्याविषयी सावध राहणे बरे. त्याने स्वतःच्या खात्यावर डोव्हकॉटची परीक्षा घेतली. त्यासाठी डोव्हॲडम नावाची सोय असते. मेल न पाठविता केवळ ओळख पटते की नाही, एवढेच ती सांगते. त्याची ओळख पटली. अर्थात यंत्र निर्दोष होते.

मग त्याने नोंदी उघडल्या. लिनक्सचा सर्व्हर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची टिपणी वेळेसह ठेवतो. ती रोजकीर्दच म्हणावी. मेलच्या नोंदीत दिवाणजींच्या प्रयत्नांपुढे ओळख पटण्यात अपयश असे लिहून यूजीएफ या अक्षरांनी सुरू होणारा बारा अक्षर-अंकांचा एक चमत्कारिक शब्द होता. नवख्या माणसाला तो गुप्त संकेत किंवा चुकलेला पासवर्ड वाटतो. वस्तुतः तो "पासवर्ड" या इंग्रजी शब्दाचेच, पुढच्या विरामचिन्हासह, बेस-६४ या लिपीत केलेले लेखन आहे. सर्व्हरने विचारलेला प्रश्न तेवढा तेथे छापला जातो. त्यातून उत्तर मिळत नाही. येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. बेस-६४ हे कुलूप नव्हे, ते केवळ निराळे अक्षर आहे आणि कोणीही ते वाचू शकतो. साध्या पद्धतीत पासवर्डही याच अक्षरात जातो. म्हणून भोवती टीएलएसचे सीलबंद पाकीट असल्यावाचून तो पाठवू नये. डोव्हकॉट मूळ मांडणीत असा उघडा पासवर्ड बाहेरून स्वीकारीतच नाही. सर्व्हरवरच बसून परीक्षा घेणाऱ्यास मात्र तो सुरक्षित समजून सूट देतो. यामुळे "येथून चालते, तेथून चालत नाही" असा एक फसवा प्रकार उद्भवतो आणि त्यात भल्याभल्यांचे दिवस वाया जातात.

मेलच्या नोंदीत उत्तर नव्हते. बहुतेक दुरुस्ती करणारे येथेच थांबतात आणि पासवर्ड बदलून पाहतात. पुतण्याने दुसरी वही उघडली. ती पॅमची, म्हणजे सर्व्हरच्या सुरक्षेची नोंद. डेबियन-उबंटूमध्ये तिला ऑथ.लॉग म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर. तेथे दिवाणजींच्या नावापुढे स्पष्ट लिहिले होते की, या खात्याची मुदत संपली आहे.

पॅमची तपासणी टप्प्यांनी होते. पहिल्या टप्प्यात पासवर्ड ताडला जातो. दुसऱ्यात खाते आज वापरण्याजोगे आहे काय, हे पाहिले जाते. दिवाणजी पहिल्या टप्प्यातून प्रत्येक वेळी उत्तीर्ण होत होते. त्यांनी भरलेला शब्द अक्षरशः बरोबर होता. दुसऱ्या टप्प्यावर ३१ मार्च ही तारीख आडवी आली होती. चेज नावाची एक आज्ञा कोणत्याही खात्याची मुदत दाखविते. पुतण्याने ती दिली आणि स्वतःच्या हातची तारीख समोर पाहिली. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर उभा करताना दिवाणजींनीच म्हटले होते की, "आता दोन वर्षं, मग मी घरी." पुतण्याने ते मनावर घेऊन मुदत घातली. पुढे अण्णांनी आग्रहाने त्यांना ठेवून घेतले, दिवाणजीही राहिले, आणि ती तारीख यंत्रात तशीच बसून राहिली.

पेढीच्या इतर माणसांचा मेल का अडला, याचे उत्तर याच घटनेच्या पोटात होते. पासवर्ड चोरू पाहणाऱ्यांना रोखण्यासाठी त्याने फेलटूबॅन नावाचा पहारेकरी नेमला होता. तो नोंदी वाचत बसतो. मूळ मांडणीत, एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच वेळा अपयश आले की, तो त्या पत्त्यास दहा मिनिटे दार बंद करतो. पेढीतील सर्व संगणक आणि मोबाईल एकाच जोडणीतून बाहेर पडतात, म्हणून जगाला ते एकाच पत्त्याचे दिसतात. दिवाणजींनी घाईघाईने केलेले प्रयत्न, त्यात त्यांच्या मोबाईलने आपणहून चालविलेले, यामुळे पहारेकऱ्याने अवघ्या पेढीलाच चोर ठरविले. दहा मिनिटे सरली की दार उघडे, अण्णांचा एखादा मेल निसटे, तोच दिवाणजींचा मोबाईल पुन्हा दार ठोठावी आणि शिक्षा नव्याने सुरू होई. अशी येरझार दिसली की पहारेकऱ्याचा संशय प्रथम घ्यावा.

मुदतीची तारीख काढून टाकणे आणि पेढीच्या पत्त्यावरील बंदी उठविणे, या दोन कामांना पाच मिनिटेही लागली नाहीत. बारा वाजून चाळीस मिनिटांनी दिवाणजींनी जहाज कंपनीला दुरुस्ती धाडली आणि पोच येईपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत. पुतण्याने त्यांची क्षमा मागितली. "काका, तुम्हीच म्हणाला होता दोन वर्षं. मी खरं मानलं." दिवाणजी हसले, पण थोडे उशिराच.

आणखी एक दक्षता येथे नोंदविणे उचित. डोव्हकॉटला अधिक तपशिलाने लिहिण्यास सांगता येते आणि अवघड निदानात ते करावेही. परंतु त्यातील एक मात्रा अशी आहे की, ती दिल्यास लोकांचे पासवर्डच नोंदीत उतरतात. काम झाल्याबरोबर ती बंद न केल्यास रोजकीर्दीत तिजोरीची किल्ली चिकटवून ठेवल्यासारखे होते. नोंदी किती दिवस जपाव्यात, हेही आता केवळ सोयीवर राहिलेले नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कॉर्पोरेट संस्थांसह अनेकांना संगणकीय नोंदी १८० दिवस जपण्यास आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळती ठेवण्यास सांगितले आहे. लिनक्सच्या अनेक वाणांत मात्र मूळ मांडणी चार आठवड्यांच्या नोंदी ठेवून जुन्या पुसून टाकण्याची असते. ती बदलावी लागते आणि बहुतेकांनी बदललेली नसते.

त्या दिवशीचे काम येथे संपावयास हरकत नव्हती. परंतु एका खात्याची तारीख चुकीची निघाल्यावर इतरांच्या तारखा पाहणे पुतण्यास प्राप्तच होते. दुपारी चारच्या सुमारास त्याने सर्व खात्यांची यादी काढली आणि सोबत या क्षणी कोण आत आहे, हे सांगणारी डोव्हॲडमचीच दुसरी आज्ञा दिली. पेढीत तेव्हा मेल वापरणारी माणसे पाच होती. यादीत नावे सहा निघाली.

सहावे नाव मागील दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचे होते. आता तो त्याच यार्डात दुसऱ्या एका आडत दुकानात होता. त्याच्या खात्याला कोणतीही मुदत नव्हती. ज्या माणसाने राहावयाचे होते त्याला तारीख घातलेली, आणि जो गेला त्याला कोणी घातली नव्हती. त्याच्या मोबाईलमध्ये मेलची मांडणी तशीच राहिली होती आणि ती पेटी रात्रंदिवस उघडी होती. पेढीच्या सामाईक पत्त्यावर येणारी दरांची विचारणा, नमुन्यांचे निकाल, सौद्यांची उत्तरे, सर्व काही वाटणीच्या यादीप्रमाणे त्याच्याही पेटीत पडत होते. त्याने ते वाचले की नाही, हे नोंदीवरून खात्रीने सांगता येत नव्हते. मोबाईल आपणहूनही मेल उतरवून घेतो. तो दर काही मिनिटांनी येऊन जात होता, एवढे मात्र ओळीने लिहिलेले होते.

पुतण्याने ते खाते बंद केले. खाते बंद केल्याने आत असलेला मनुष्य आपोआप बाहेर जात नाही, त्याची चालू जोडणी वेगळी तोडावी लागते. तीही त्याने तोडली आणि वाटणीच्या यादीतून नाव काढले. मग त्याने अण्णांना सांगितले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. गेल्या पाच महिन्यांतील कोणते सौदे थोडक्याने हातचे गेले, हे ते मनातल्या मनात आठवत असावेत.

दिवाणजी शेजारीच बसले होते. त्यांनी ड्रॉवर उघडून एक जुनी वही काढली आणि दिवाळीच्या सुमाराचे पान अण्णांपुढे धरले. त्यावर त्या कारकुनाच्या सहीनिशी लिहिले होते : गोदामाच्या किल्ल्या दोन, कपाटाची एक, परत मिळाल्या.

"अण्णा," ते म्हणाले, "यात मेलचा रकाना नव्हता."

अण्णांनी वही जवळ ओढली, खिशातले पेन काढले आणि रकाना आखण्यासाठी पट्टी मागितली.